दगडावरची नावे

मावळ हा शब्द कानी पडला की शिवछत्रपतींचे मावळे डोळ्यांपुढे उभे राहतात. पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत वसलेली ही खोरी. इंद्रायणी, पवना अशा नद्यांनी भिजवलेली. जिकडे सूर्य मावळतो तो मुलूख मावळ, अशी या नावाची फोड सांगण्याचा प्रघात आहे, आणि ती कानाला गोडही लागते. परंतु हे नाव शिवकालाहून पुष्कळ जुने आहे. कार्ल्याच्या लेण्यात भिंतीवर कोरलेले एक राजाज्ञापत्र आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी सातवाहन राजाने ते ‘मामाल’ येथील आपल्या अमात्यास धाडले होते. हा मामाल म्हणजेच आजचा मावळ, असे अभ्यासक मानतात. राजे गेले, राजधान्या ओस पडल्या, भाषा बदलली. परंतु डोंगरातल्या भातखाचरांच्या या लहानशा मुलखाचे नाव, जुन्या नाण्यासारखे थोडे झिजून का होईना, लोकांच्या व्यवहारात चालूच राहिले.

नावांची ही गंमत मावळात पावलोपावली भेटते. मात्र ती पाहण्यास थोडे थांबावे लागते, आणि लोणावळ्यास येणारा प्रवासी बहुधा थांबत नाही. पावसाळ्यात मुंबई-पुण्याहून माणसांचे लोंढे येथे लोटतात. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात ती भिजतात, भाजलेली कणसे खातात, चिक्कीचे पुडे काखोटीस मारतात आणि संध्याकाळी परततात. नामवंतांचे मेणाचे पुतळे मांडलेले एक संग्रहालयही लोणावळ्यानजीक आहे. तेथे पुतळ्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेण्याची हौस लहानथोरांस सारखीच असते. त्यात वाईट काही नाही. पण मेणाचा माणूस पाहण्यासाठी जो एवढा वेळ देतो, त्याने पुण्याच्या दिशेने पुढच्याच स्थानकावर, मळवलीस, उतरावे. तेथे त्याला दोन हजार वर्षांपूर्वीची खरीखुरी माणसे भेटतील. त्यांचे चेहरे दिसणार नाहीत, नावे दिसतील.

मळवलीच्या उत्तरेस कार्ल्याचा डोंगर आहे आणि दक्षिणेस भाज्याचा. कार्ल्याच्या पायऱ्या चढताना ‘एकवीरा आई’चा गजर बरोबर असतो. कोकणपट्टीतील कोळी बांधवांचे आणि इतर अनेक कुळांचे हे दैवत. चैत्रातील यात्रेच्या दिवसांत तर डोंगरावर पाय ठेवण्यास जागा उरत नाही. देवीचे देऊळ नेमके लेण्याच्या तोंडाशी आहे. देवळाच्या दर्शनास आलेल्यांपैकी कित्येक जण दहा पावले पुढे जाऊन लेणे पाहतात, आणि लेणे पाहण्यास आलेले देवीपुढे हात जोडतात. बौद्ध भिक्षूंनी वसवलेली आणि नंतर देवीच्या भक्तांनी गजबजलेली ही जागा दोन हजार वर्षे कधी पुरती सुनी झाली नाही, ही सुखाची गोष्ट आहे.

लेण्यापुढे डाव्या हातास एक उंच स्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत. समोरच्या अंगासही असाच दुसरा स्तंभ पूर्वी असावा. तेथे आता देऊळ आहे. उभ्या स्तंभावर देणाऱ्याचे नाव कोरले आहे : गोतीचा पुत्र महारठी अग्निमित्रणक. आत ओसरीत दुसरा लेख आहे. तो सांगतो की, वैजयंतीच्या भूतपाल शेठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील आजची बनवासी. शेठजींच्या या बोलण्यात थोडी प्रौढी आहे खरी. पण आत पाऊल टाकले की ती प्रौढी माफ करावीशी वाटते.

सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि तितकेच उंच असे हे दालन अखंड खडकातून कोरून काढले आहे. भारतातील कोरीव चैत्यगृहांत याच्याएवढे मोठे दुसरे नाही. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा खांबांची रांग आहे आणि स्तूपामागे सात साधे खांब, असे एकूण सदतीस. रांगेतल्या खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली माणसे कोरली आहेत. पश्चिमेकडील भव्य कमानदार खिडकीतून उजेड येतो आणि लांबवरच्या स्तूपापर्यंत पोचतो. वर छताकडे मान वळवली की नवल वाटते. कारण तेथे चक्क सागवानी लाकडाच्या कमानी आहेत. खडकाच्या छतास लाकडाच्या आधाराची काय गरज? गरज मुळीच नव्हती. परंतु त्या काळचे कारागीर लाकडी इमारती बांधण्यास सरावलेले होते. लाकडी छताखाली पूजा करण्याची सवय झालेल्यांना दगडी छत उघडेबोडके वाटले असावे. त्या कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री आजवर टिकली आहेत. घरातील दारे-चौकटी पन्नास वर्षांत वाळवी खाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या लाकडाचे मोल कळते.

हे काम कोणी केले? सामान्यतः राजाने, असे उत्तर आपल्या तोंडी येते. कार्ल्याचे खांब वेगळे उत्तर देतात. खांबाखांबावर लहान लहान लेख आहेत, आणि त्यांत एकेका माणसाचे नाव, गाव व त्याने काय दिले ते सांगितले आहे. धेनुकाकट नावाच्या गावचे पुष्कळ जण त्यांत आहेत. हे धेनुकाकट नेमके कोठे होते यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. त्या गावच्या काही दात्यांनी स्वतःस ‘यवन’ म्हटले आहे. समुद्रापलीकडून व्यापारानिमित्त आलेली ग्रीकादी परदेशी माणसे ती यवन. सोपाऱ्याचा एक भिक्षू आहे. सिंहदत्त नावाचा एक सुगंधी द्रव्ये विकणारा आहे. त्याने प्रवेशद्वारासाठी दान दिले. त्या काळी सोपारा, कल्याण या बंदरांतून निघालेले व्यापारी तांडे बोरघाट चढून याच वाटेने जुन्नर-पैठणकडे जात. घाट चढून दमलेल्या वाटसरूला लेण्यांत विसावा आणि टाक्यांत थंड पाणी मिळे. त्याने खांबाला हातभार लावावा, हे त्या वाटेवरच्या माणुसकीला धरूनच होते.

या सर्व नावांत एक नाव फार मोलाचे आहे. धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा पुत्र सामी, याने लेण्याचे द्वार केले, असे एक लेख सांगतो. सामीने पैसे दिले असे लेख म्हणत नाही. काम केले असे म्हणतो. ज्या भिंतींवर महारठी आणि शेठी यांची नावे आली, त्याच भिंतीवर हाती वाकस धरणाऱ्या सुताराचे नावही आले, आणि बापाच्या नावासह आले. जगात प्रचंड इमारती पुष्कळ आहेत. त्यांतल्या किती इमारतींच्या दारावर कामगाराचे नाव सापडेल?

कार्ल्याची आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले होते. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पुरा मोड केला. त्याची नाणी गोळा करून त्यांवर आपला ठसा उमटवला. पण मावळातील अमात्यास जे आज्ञापत्र गेले, त्यात त्याच गावाचे दान भिक्षूंकडे कायम केले आहे. शत्रूचे राज्य बुडवले, शत्रूच्या नाण्यावरचे नाव झाकले, पण त्याने दिलेली भिक्षा मात्र हिरावून घेतली नाही. भिंतीवर हे दोन्ही लेख आजही आहेत.

ही सारी नावे मध्यंतरी कित्येक शतके मुकी होती. ब्राह्मी लिपी लोक विसरून गेले. अक्षरे दिसत होती, पण वाचता कोणाला येणार? मग पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली, अशा कथा रचल्या गेल्या. इ. स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप या कलकत्त्याच्या टाकसाळीतील अधिकाऱ्याने, नाणी आणि अशोकाचे लेख ताडून पाहत, ब्राह्मीचे कोडे सोडवले. त्यानंतर पश्चिम घाटातील लेणी एकामागून एक बोलू लागली आणि सामी सुताराचे नाव पुन्हा माणसाच्या मुखातून उमटले.

भाज्याची लेणी कार्ल्याहूनही जुनी, इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. मळवलीहून चालत जाण्याजोगी ती आहेत. येथल्या चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत. लाकडी खांबांनी छताचा भार सोसण्यासाठी कलावे लागते. दगडी खांबांना ते कारण नव्हते, तरी कारागिराने जुने वळण सोडले नाही. येथल्या लाकडी कमानींवरही ब्राह्मी अक्षरे सापडली. पुरातत्त्ववेत्ते म. न. देशपांडे यांनी ती उजेडात आणली. एका विहारात रथारूढ सूर्य आणि प्रचंड हत्तीवर बसलेला इंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूर्ती आहेत. तेथेच जोडवाद्यासारखी दोन चर्मवाद्ये वाजवणारी एक स्त्रीही कोरली आहे. तबला पाहिलेला मनुष्य तिच्यापाशी हटकून थबकतो. पण भाज्यात मन खरे गुंतते ते चैत्यगृहाच्या दक्षिणेस असलेल्या चौदा स्तूपांच्या दाटीत. हे लहानमोठे स्तूप येथे राहून गेलेल्या थोर भिक्षूंच्या स्मरणार्थ आहेत, आणि त्यांतल्या काहींवर त्यांची नावे कोरली आहेत. त्यांनी काही बांधले नाही, काही जिंकले नाही. त्यांच्या शिष्यांना त्यांची आठवण राहावी असे वाटले, एवढेच.

कामशेतच्या दक्षिणेस पवनेच्या खोऱ्यात बेडसे आहे. तिकडे गर्दी कमी, आणि म्हणून शांतता अधिक. चैत्यगृहासमोर सुमारे पंचवीस फूट उंचीचे खांब आहेत. त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवरील स्वार इतके जिवंत की, हे प्राणी आता उठतील असे वाटावे. नाशिकच्या आनंद शेठीचा पुत्र पुष्यणक याने दिलेल्या दानाचा लेख येथे आहे. पाण्याच्या टाक्यापाशी समदिनिका नावाच्या स्त्रीचे नाव आहे. महाभोजाची ही कन्या. डोंगरावर राहणाऱ्यास पाण्याइतके दुसरे दान नाही, हे तिला ठाऊक असले पाहिजे.

बेडश्याच्या भिंतींवर एके काळी गिलावा होता आणि त्यावर चित्रे होती. आज ती नाहीत. ती शत्रूने नष्ट केली नाहीत, पावसाने धुतली नाहीत. एकोणिसाव्या शतकात, इ. स. १८६१ च्या सुमारापर्यंत, इंग्रज साहेब लेणी पाहण्यास येत, आणि साहेबांना जागा नीटनेटकी दिसावी म्हणून स्थानिक अंमलदार ती साफसूफ करून रंगवून घेत. या साफसफाईत जुन्या गिलाव्याचे आणि चित्रांचे उरलेसुरले अवशेष गेले. दोन हजार वर्षे ज्या रंगांनी वाट पाहिली, ते कुंचल्याच्या चार हातांनी संपले. वाईट हेतूने झालेली नासधूस इतिहासात पुष्कळ आढळते. अशी हौसेने केलेली नासधूस तिच्याहून अधिक चटका लावते.

भाज्याच्या डोंगराशेजारीच लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले उभे आहेत. लोहगड सुमारे ३४०० फूट उंच. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून वर जाताना वाट अशी वळत जाते की, खालून येणारा प्रत्येक जण वरच्या तटावरून टप्प्यात सापडावा. गडाची एक चिंचोळी सोंड पश्चिमेकडे दूरवर गेली आहे. खालून ती विंचवाच्या नांगीसारखी दिसते, म्हणून तिचे नाव विंचूकाटा. बोरघाटातून देशावर येणाऱ्या वाटेवर पहारा ठेवणे हे या गडाचे काम. शिवाजी महाराजांनी तो घेतला, इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत मिळवला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसास्थळांत नोंद केली. रायगड, राजगड, शिवनेरी, तमिळनाडूतील जिंजी यांच्या पंक्तीस लोहगड बसला, तेव्हा मावळातील गावागावांत आनंद झाला असल्यास नवल नाही.

लोहगडावर पेशवाईत नाना फडणीस यांनी पुष्कळ बांधकाम केले. सोळा कोनांचे एक मोठे टाके आणि एक बाव तेथे आहे. बावेपाशी शिलालेख आहे. त्याचा आशय असा की, शके १७११ मध्ये, म्हणजे इ. स. १७८९ मध्ये, बाळाजी जनार्दन भानू यांनी धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्या देखरेखीखाली बाजुचाट याच्याकडून ही बाव बांधविली. बाळाजी जनार्दन म्हणजे स्वतः नाना. नित्सुरे हे गडाचे विश्वासू अधिकारी. नानांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीस त्यांनी याच गडावर आसरा दिला. आणि बाजुचाट? तो बाव बांधणारा. सामी सुतारानंतर सुमारे सतराशे वर्षांनी, दोन कोसांच्या अंतरात, पुन्हा एका कारागिराचे नाव दगडावर आले.

या डोंगरात नावे अजूनही सापडतच आहेत. पाले गावाजवळील गुहेत इंद्ररक्षित नावाच्या जैन मुनीचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख विसाव्या शतकात वाचला गेला. अलीकडे लोहगडाच्या कड्यातील लेण्यातही तसाच लेख आढळला, आणि त्यातही इंद्ररक्षिताचेच नाव निघाले. एकाच माणसाने दोन डोंगरांवर पाण्याची सोय केली होती, हे कळण्यास इतका काळ जावा लागला. तो दगड कोणी मध्यंतरी खरवडला असता, तर ते कधीच कळले नसते.

आणि खरवडणारे हात येथे कमी नाहीत. लोहगडाच्या दरवाज्यांवर, भाज्याच्या विहारांत, कार्ल्याच्या ओसरीत आजकालची नावेही आहेत. कोणी खिळ्याने, कोणी कोळशाने, कोणी तैलरंगाने आपले नाव, आपल्या मित्राचे नाव, गाव आणि तारीख तेथे लिहून ठेवली आहे. लिहिणाऱ्यास वाटते की, सामीने लिहिले, मग आपण का लिहू नये? सामीने आधी द्वार केले, मग त्याचे नाव आले. ज्याने पाच मिनिटांत भिंत ओरखडली, त्याच्या नावापुढे ‘याने काय केले’ असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तरही तेथेच खाली दिसते. हे नुकसान भरून येत नाही. रंग पुसावा तर दगडाचा पापुद्राही त्याबरोबर निघतो. खोल ओरखडा नाहीसा करावा तर भोवतालचा सारा दगड तासावा लागेल. इ. स. १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याने हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण डोंगरावर प्रत्येक खांबाशेजारी शिपाई उभा करणे कोणत्याही सरकारास शक्य नाही. शाळेच्या सहलीतील एखाद्या मुलाने खिसा चाचपून खिळा काढला, तर त्याचा हात धरण्यास शेजारचा मुलगाच जवळ असतो.

लोहगडाच्या पहाऱ्यातील ती बोरघाटाची वाट इ. स. १७७९ च्या आरंभी इंग्रज फौजेने धरली. राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसवावे असा तिचा बेत होता. महादजी शिंदे आणि त्यांचे सहकारी सरदार यांनी तिला पुढे येऊ दिले, पण वाटेतले धान्य, वैरण आणि पाणी तिच्या हाती लागू दिले नाही. ४ जानेवारीस कार्ल्यानजीक कॅप्टन स्ट्यूअर्ट हा तिचा शूर अधिकारी पडला. तळेगावापर्यंत पोचलेल्या फौजेला अन्न मिळेना. अखेर अवजड तोफा तळ्यात लोटून ती रात्रीच्या अंधारात माघारी फिरली. मराठ्यांनी तिला वडगावी कोंडले आणि तेथे इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला. त्या स्ट्यूअर्टला मावळातील लोक ‘इष्टुर फाकडा’ म्हणू लागले. फाकडा म्हणजे छाती काढून चालणारा, ऐटदार वीर. तो चाल करून आलेला शत्रू होता, तरी त्याचे शौर्य लोकांनी पाहिले आणि त्याला आपल्या भाषेतले कौतुकाचे नाव दिले. वडगावात त्याची समाधी आहे, आणि महादजींच्या विजयाचे स्मारकही त्याच गावी आहे. जेता आणि पराभूत दोघांचीही आठवण ठेवणारी गावे फार थोडी.

पुढे १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रज पुन्हा आले. त्यांनी आधी अधिक उंच असलेला विसापूर घेतला. तेथून लोहगड तोफांच्या माऱ्यात येत असल्याने तो जवळजवळ न लढताच पडला. चार दरवाज्यांची सारी करामत खालून येणाऱ्यासाठी होती. शेजारच्या डोंगरावरून येणाऱ्या गोळ्यास दरवाजा कसला?

राज्य हाती आल्यावर इंग्रजांना घाटातून आगगाडी न्यावयाची होती. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे १५ मैलांत गाडीला १८३१ फूट चढावयाचे होते. त्यासाठी २५ बोगदे खणावे लागले, दऱ्यांवर ८ मोठे पूल बांधावे लागले. एका जागी तर डोंगर वळू देईना, म्हणून गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास जोडून, उलट दिशेने पुढे नेण्याची युक्ती करावी लागली. ते उलटफेरीचे स्थानक १९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाल्यावर बंद पडले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याचे नाव रेल्वेच्या इतिहासात सन्मानाने येते. मार्ग पुरा होण्यापूर्वीच, १८६२ मध्ये, तो वारला. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने १८५९ मध्ये काम हाती घेतले आणि थोड्याच दिवसांत आजाराने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट सोडून न देता माहीतगार अभियंत्यांच्या मदतीने तडीस नेले. परक्या देशात नुकतीच विधवा झालेल्या त्या बाईचे धैर्य मान्य केले पाहिजे.

परंतु कड्यावर दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडली ती कोणी? १८६१ च्या आरंभी या घाटात सुमारे ४२ हजार माणसे कामाला होती. स्त्रिया आणि मुले डोक्यावरून माती वाहत होती. एके वर्षी मजुरी वेळेवर न मिळाल्यामुळे दंगाही उसळला. १८६० मध्ये पटकीची साथ आली, आणि झोपड्यांतून राहणारे मजूर हजारोंनी मेले. पावसाळ्यात घाटातले धुके, सुरुंगांचे अपघात, दरडी यांनी किती गेले त्याचीही गणती मोठी आहे. आज मुंबईहून येणारी गाडी बोगद्यात शिरली की डब्यातील मुले आनंदाने ओरडतात, आणि बाहेर पडताच दरीतील धबधब्यांकडे बोटे दाखवतात. त्या बोगद्यांच्या तोंडांवर एकाही सामीचे, एकाही बाजुचाटाचे नाव नाही.

एक नाव मात्र घाटाने राखले आहे. दगडावर नव्हे, लोकांच्या तोंडी. खोपोलीकडून जुन्या रस्त्याने घाट चढताना वळणावर शिंग्रोबाचे लहानसे देऊळ लागते. लोक सांगतात की, साहेबांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा गुरे-मेंढ्या चारणाऱ्या शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना वाट दाखवली. साहेब खूश होऊन म्हणाले, काय हवे ते माग. त्याने आपल्या देशाचे स्वातंत्र्य मागितले; तेव्हा साहेबांनी त्याला गोळी घातली. या गोष्टीस कागदाचा पुरावा नाही. ती लोककथा आहे. पण घाटातील वाटा मेंढपाळांच्या पायांनीच आधी पाडल्या, हे सांगण्यास कागद कशाला हवा? जुन्या रस्त्याने जाणारे मालमोटारीचे चालक त्या वळणावर वेग कमी करतात, खिडकीतून एखादे नाणे देवळाकडे टाकतात आणि पुढच्या चढास लागतात.